बंडखोराच्या घराचे दार

मराठी चित्रपटाला बंड ठाऊकच नाही, असा निकाल परवा आमच्या भालकीतील एका बैठकीत देण्यात आला. निकाल देणारे गृहस्थ विद्वान आहेत, रसिक आहेत आणि आमचे जुने मित्रही आहेत. त्यामुळे त्यांच्याशी जाहीर भांडण करण्याचा आम्हांस अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

प्रसंग असा घडला. चार कॉलेजच्या मुलामुलींनी मिळून एका घराच्या माडीवर पांढरी चादर ताणली आणि लुकास मूडीसन या स्वीडिश दिग्दर्शकाचा २०१३ सालचा 'वी आर द बेस्ट' हा चित्रपट आम्हां वडीलधाऱ्यांना दाखविला. १९८२ सालचे स्टॉकहोम शहर. तेरा वर्षांच्या आसपासच्या तीन मुली. पंक संगीताचे दिवस संपले, असे सारे जग म्हणत असता या मुली पंक वाद्यवृंद काढतात. दोघींना वाद्य धरताही येत नाही. तिसरी देवभक्त घरातली, गिटार उत्तम वाजविणारी. तिला त्या आपल्यात ओढतात आणि तिचे लांब केस कापून टाकतात. शाळेतल्या खेळाच्या तासाचा राग येतो, म्हणून त्याच्याविरुद्ध गाणे रचतात. चित्रपट निर्मळ आहे. वाढत्या वयातला हट्ट, मैत्री आणि रुसवा त्यात इतक्या सहजपणे उतरला आहे की, आमच्यासारख्या कोर्टकचेरीत रापलेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर हसू उमटले. त्या चित्रपटाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्यानंतर झालेल्या भाषणाशी.

मित्र म्हणाले, "याला म्हणतात बंड! केस, कपडे, आवाज, प्रत्येक गोष्टीतून प्रस्थापिताला नकार. आपल्याकडे तारुण्यावर चित्रपट काढायचा म्हटला की एक मुलगा, एक मुलगी आणि एक मिशीवाला बाप! 'सैराट'चेच घ्या. प्रेमात पडणे हे काय बंड झाले? ते तर निसर्गच करवून घेतो."

सर्वांनी माना डोलावल्या. चादर ताणणाऱ्या मुलांपैकी एक मुलगी तेवढी हळूच म्हणाली, "त्या मुली रात्री आपापल्या घरी जातात ना, ते मला सगळ्यात आवडलं." तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. आम्हीही त्या वेळी दिले नाही. पण घरी परतताना तेच वाक्य आमच्या मनात घोळू लागले, आणि मित्राच्या साऱ्या व्याख्यानाला त्यात उत्तर आहे, असे आमच्या ध्यानात आले. तेच उत्तर येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

प्रथम पंक या प्रकरणाचाच हिशेब पाहू. १९७५ साली लंडनमध्ये 'सेक्स पिस्टल्स' हा वाद्यवृंद उभा राहिला. १९७६ च्या अखेरीस त्यांची अराजकाचा पुकारा करणारी पहिली तबकडी निघाली. १९७७ साली राणीच्या कारकीर्दीचा रौप्यमहोत्सव चालू असतानाच राणीची टर उडविणारी दुसरी निघाली. बीबीसीने ती वाजविण्यास बंदी केली. तरी ती धडाक्याने खपली. त्या गाण्यांत बेकारीने गांजलेल्या पोरांचा खराखुरा संताप होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या संतापाचा वेष कोठून आला? किंग्ज रोडवरच्या एका दुकानातून. वाद्यवृंदाचे व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन आणि वेषकार व्हिव्हियन वेस्टवुड यांचे ते दुकान. फाडलेला सदरा, सेफ्टी पिन, साखळ्या, सारी सामग्री तेथे दाम मोजून मिळत असे. पुढे २००६ साली ब्रिटिश राजसत्तेने वेस्टवुडबाईंना 'डेम' हा किताब दिला. २०१६ च्या नोव्हेंबरात या दोघांच्याच मुलाने, पंकचे आता संग्रहालय झाले म्हणून चिडून, पन्नास लाख पौंड किमतीच्या म्हणविल्या गेलेल्या पंकच्या जुन्या वस्तू टेम्स नदीवर एका नावेत जाळून टाकल्या. ज्या बंडाची राख करण्यापूर्वी त्याची किंमत पौंडांत सांगावी लागते, त्या बंडाविषयी आम्ही अधिक काय बोलावे?

समुद्राकाठच्या वाचकास हे नवे वाटणार नाही. घरदार झुगारून हणजुणेच्या किनाऱ्यावर येऊन राहिलेली गोरी पोरे गोव्याने पाहिली आहेत, आणि त्यांच्या त्या मुक्त जगाचा पुढे बुधवारचा बाजार झालेलाही पाहिला आहे. बंडाचा वेष हा बाजाराला सर्वांत आवडणारा माल आहे. तो लवकर शिवून होतो आणि लवकर खपतो.

वेषाचीच गोष्ट काढली आहे, तर नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आठवावा. २०१३ साली तो महोत्सवांतून दाखविला गेला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला. त्यातला जब्या हा कैकाडी जातीचा पोरगा. त्याला एक जीन्सची विजार हवी आहे, आणि तेवढ्यासाठी तो उन्हात गारेगार विकीत हिंडतो. लंडनच्या पोरांनी धड विजार फाडून बंड पुकारले. जब्याला विजार धड मिळावी, हेच बंड ठरले. आणि शेवटी तो जो दगड भिरकावतो, तो पडद्यावरच्या कोणा खलपुरुषावर नव्हे, तर थेट आपल्यावर, पाहणाऱ्यांवर येतो. आमच्या मित्राने तो दगड चुकविला असावा.

आता मूळ मुद्दा. बंड मोजावयाचे कसे? आमच्या व्यवसायात नुकसानभरपाईचा दावा आला की आम्ही दोनच प्रश्न विचारतो: गेले किती, आणि घेतले कोणी? बंडालाही हीच मापपट्टी लावावी. स्टॉकहोमच्या मुलींचे गेले काय? एकीचे केस. आईबाप वैतागतात, केस कापलेल्या मुलीची आई संतापते, शिक्षक नाराज होतात. पण रात्र पडली की तिघींच्याही घरांचे दार उघडे आहे. हा त्या मुलींचा दोष नव्हे. तो त्या समाजाचा मोठेपणा आहे. जेथे दार उघडे असते तेथे मुलांना केसांचे बंड परवडते, आणि परवडावेच.

उलट 'सैराट' पाहा. २९ एप्रिल २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला. करमाळ्याकडचा मुलूख, पाटलाची मुलगी अर्ची आणि पारधी समाजातला, मासे धरणाऱ्या बापाचा मुलगा परश्या. अर्ची बुलेट चालविते, ट्रॅक्टर चालविते, कोणाला भीत नाही. पंकच्या मापाने पाहिले तर ती पहिल्याच तासात उत्तीर्ण होते. पण दिग्दर्शकाची दृष्टी अशी की, त्याने तेवढ्याला बंड मानले नाही. पाटलाच्या मुलीने बुलेट चालविणे हा पाटीलकीचाच थाट आहे. बाप त्यावर खूषच असतो. बंड सुरू होते ते तिने परश्याला आपला म्हटल्यावर. तेथून घराचे दार बंद होते. दोघे पळून हैदराबादेस जातात, झोपडपट्टीत राहतात, राबतात, भांडतात, संसार उभा करतात. आणि वर्षांनंतर माहेर अर्चीच्या दाराशी येते ते आईने धाडलेल्या भेटवस्तू घेऊन. पुढे काय होते ते वाचकास ठाऊक आहे. लहानग्याची रक्ताने माखलेली पावले आणि निःशब्द झालेला पडदा. गेले किती, आणि घेतले कोणी, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तेथे मिळते. घेतले ते आपल्याच माणसांनी.

प्रेमात पडणे निसर्गच करवितो, हे मित्राचे म्हणणे खरे आहे. पण जातीची चौकट उभी आहे तीच मुळी निसर्गाला अडविण्यासाठी. जातीबाहेर लग्न न करणे हा जातिसंस्थेचा प्राण आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालीच दाखवून दिले, आणि १९३६ सालच्या आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात आंतरजातीय विवाहाला जात मोडण्याचा खरा उपाय म्हटले. जेथे साऱ्या इमारतीचा भार एका खांबावर आहे, तेथे त्या खांबाला खांदा लावणारा बंडखोर, की भिंतीवर रंग उडविणारा? बाकी शब्दांचे आणि आवाजाचे बंड मराठीत नव्हते असेही नाही. 'सेक्स पिस्टल्स'च्या तीन वर्षे आधी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्यासाठी कोणी दुकान काढले नव्हते.

येथवर आम्ही रसिक म्हणून बोललो. आता सीमाभागाचे रहिवासी म्हणून बोलतो. आमचा बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या दिवशी त्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात. तेव्हापासून आमच्या घरांत मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू नांदते. करमाळ्याकडून हैदराबादेस पळायचे, तर आगगाडी कलबुर्गी-वाडीवरून जाते आणि मोटारीचा रस्ता बसवकल्याण-हुमनाबादच्या अंगाने. म्हणजे अर्ची आणि परश्या गेले ते आमच्या दारावरून गेले. 'सैराट'चे कन्नड रूप 'मनसु मल्लिगे' या नावाने २०१७ साली आले, त्यातही नायिका रिंकू राजगुरूच होती. ही कथा आमच्याकडे दोन्ही भाषांत सांगितली गेली आहे. न कळल्याची सबब आम्हांस उरलेली नाही.

आणि सबब उरू नये, असे दुसरेही एक कारण आमच्या मातीत आहे. बसवकल्याण म्हणजे जुने कल्याण, बाराव्या शतकातील बिज्जळ राजाची राजधानी. तेथे बसवण्णांच्या शरणांमध्ये चर्मकार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवय्याची मुलगी यांचा विवाह ठरला. परंपरा सांगते की राजाने दोघांच्या बापांना हालहाल करून मारविले, शरणांची पांगापांग झाली आणि राजाचाही खून झाला. गिरीश कार्नाडांनी 'तलेदंड' हे नाटक याच घटनेवर १९९० साली लिहिले. या कथेत एक गोष्ट विलक्षण आहे. शिक्षा झाली ती वधूवरांच्या बापांना, कारण त्या बापांनी आपल्या घरांचे दार उघडे ठेवले होते. साडेआठशे वर्षांपूर्वी कल्याणातले बाप मुलांसाठी मेले. आज बाप मुलांना मारतात, आणि तरीही आम्ही पुढे गेलो असे म्हणतो! २०१९ साली आमच्या साऱ्या विभागाचे नाव 'कल्याण कर्नाटक' ठेवण्यात आले. २०२१ साली बसवकल्याणात नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली. नाव घेतले, मंटप बांधावयास काढला; हरळय्या आणि मधुवय्या यांचे धैर्य तेवढे घ्यावयाचे राहिले.

'सैराट'वर दुसऱ्या बाजूनेही हल्ला झाला होता, त्याचाही विचार करणे न्यायाचे होईल. हा चित्रपट शाळकरी मुलांना पळून जाण्यास शिकवितो, असे पुष्कळांनी म्हटले. यातील एक गोष्ट आम्ही मान्य करतो. अठरा वर्षांच्या आतील मुलीची संमती कायदा मानीत नाही, आणि कोवळ्या वयात संसाराचा डोंगर उचलू नये, हे सांगणे वडिलांचे कर्तव्यच आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांना खरोखर वयाची चिंता असती, तर स्वजातीतल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या अक्षता टाकावयास ते गेले नसते. आमच्या भागात अशी लग्ने कशी उरकतात, ते आम्ही पाहिले आहे. तेथे वयाचा दाखला कोणी मागत नाही.

याहून मोठा अपराध प्रशंसकांचा. शंभर कोटींचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याचे कौतुक झाले, चित्रपटगृहांत लोक 'झिंगाट'वर नाचले, आणि ते गाणे पुढे घराघरांतल्या वरातीत शिरले. कोणत्या वरातीत? जात पाहून, पोटजात पाहून, गोत्र तपासून, हुंड्याचा आकडा ठरवून जमविलेल्या लग्नांच्या! बंडाच्या चित्रपटातले गाणे बंडाचा गळा घोटणाऱ्या मांडवात वाजते आणि कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही. लंडनच्या सेफ्टी पिनेचे जे झाले तेच आम्ही 'झिंगाट'चे केले. हिंदीवाल्यांनी २०१८ च्या 'धडक'मध्ये कथा उदयपुरास नेली आणि जातीची धार बोथट केली, म्हणून त्यांना बोल लावणे सोपे आहे. आम्ही तर मूळ चित्रपटच अर्ध्यावर पाहून उठलो.

आता वकील म्हणून थोडे बोलावे लागेल, आणि तेथे आमची मान खाली जाते. 'सैराट'मध्ये एक प्रसंग आहे. दोघे पकडले जातात आणि पोलीस ठाण्यात परश्या व त्याचे मित्र यांच्यावर बलात्काराची खोटी फिर्याद तयार होते. अर्ची ती फिर्याद हाणून पाडते. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. आम्ही वाजविल्या नाहीत. कारण तशी फिर्याद लिहिणारा हात आमच्या ओळखीचा होता.

पुष्कळ वर्षांपूर्वी एक बाप आमच्याकडे आला. मुलगी परजातीच्या मुलाबरोबर निघून गेली होती. शाळेचा दाखला त्याच्या हातात होता. त्यावरून मुलीला एकोणीस पूर्ण झाली होती. आम्ही तो दाखला वाचला, घडी करून परत दिला, आणि 'फूस लावून पळवून नेले' असा मजकूर लिहून दिला. वय लिहिले नाही. मुलाला आणि त्याच्या भावाला पोलिसांनी धरून आणले. मुलगीही आली. आपण आपल्या मर्जीने गेलो, असे तिने साहेबांपुढे स्पष्ट सांगितले आणि तिला जाऊ देण्यात आले. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती आमच्याजवळ थांबली आणि म्हणाली, "वकीलसाब, हे तुम्हीच लिहिलंत ना? मग माझं वयपण लिहायचं होतं." एवढे बोलून ती पायऱ्या उतरली. मुलाच्या भावाचा ओठ फुटलेला होता. आमची फी आम्हांस मिळाली होती.

हे सांगण्याचे कारण आत्मनिंदेची हौस नव्हे. या देशातल्या तरुणांच्या बंडावर सुरा क्वचित चालतो. कागद रोज चालतो. आणि कायदा आमच्या बाजूचा नव्हता, अशी सबबही आम्हांस नाही. निरनिराळ्या जातींच्या दोन हिंदूंचा विवाह वैध आहे, हे १९४९ च्या कायद्याने ठरविले आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कायम केले. सज्ञान स्त्रीपुरुष आपल्या मर्जीने लग्न करीत असतील तर त्यांना कोणी छळू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंग खटल्यात सांगितले. २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात तर अशा जोडप्यांच्या रक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात सुरक्षित निवारा असावा, असेही सुचविले. जेथे कायद्यातच फट आहे, तेथे ती स्पष्ट दाखविली पाहिजे. धर्म भिन्न असले तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि जोडपे परजिल्ह्यात गेले तरी तिची प्रत मूळ जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे येऊन तेथे लावली जाते. भालकीहून लातुरास पळावे, तर आपल्या पळण्याची वर्दी बीदरच्या भिंतीवर आपणच लावल्यासारखे होते. ही तरतूद बदलावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मित्राला आमचे एवढेच सांगणे आहे. स्टॉकहोमच्या मुलींवर त्यांनी खुशाल प्रेम करावे, आम्हीही करतो. आमच्या मुलींनाही केस कापण्याचे, बेसूर गाण्याचे, कशाहीवर चिडण्याचे स्वस्त बंड लाभावे, अशी आमची इच्छा आहे. पण ते लाभण्याआधी दार उघडावे लागेल. आणि ते उघडावयाचे आहे आतून, म्हणजे आम्ही, आईबापांनी, शेजाऱ्यांनी. तोवर आमच्या मुलांचे महागडे बंड पाहून 'यांना बंड ठाऊकच नाही' म्हणू नये. त्या माडीवर बसलेल्या मुलीला कोणते बंड परवडते आणि कोणते नाही, ते तिला आपल्यापेक्षा नीट कळलेले होते.

आणि आमच्या व्यवसायबंधूंना, बीदरच्या, कलबुर्गीच्या, लातूर-धाराशिवकडच्या आणि समुद्राकाठच्याही, एक विनंती आहे. रागाने थरथरणारा बाप तुमच्या टेबलाशी येऊन बसेल. त्याला पाणी द्या, त्याचे ऐकून घ्या. मग कागद पुढे ओढाल तेव्हा पहिल्या ओळीत मुलीचे वय लिहा. ते अठरा वा त्यावर असेल तर लेखणी तेथेच ठेवा.